अटॅकनंतर ‘पडून राहा’ हे कोणी ठरवलं?

हा आपल्या नव्या एपिसोडचा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी आपण तो दर वेळी टाकतो. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण तो आपल्या घरातच सुरू होतो. बऱ्याच घरांत फ्रिजवर गोळ्यांचा एक डबा असतो. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे असलेला. तो बाबांचा असतो, काकांचा असतो, कधी आजीचा असतो. पहिला अटॅक येतो, स्टेंट पडतो. सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. चार वर्षांनी पुन्हा छातीत कळ येते, पुन्हा ॲडमिट. आणि मग घरात नियम लागू होतात. जिना चढायचा नाही. भाजी आणायला जायचं नाही. मॅचची शेवटची ओव्हर बघायची नाही. पैशाचं, भांडणाचं काही त्यांच्या कानावर घालायचं नाही. सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं. पण सहा महिन्यांनी बघाल तर माणूस सोफ्याला चिकटलेला असतो. त्यात कुणीतरी पाहुणा येऊन सांगून जातो, ‘तिसरा अटॅक काही सोडत नाही हो.’

आता प्रश्न असा, की हे ‘हलू नका, पडून राहा’ आलं कुठून? तर ते आलं डॉक्टरांकडूनच. पुढे डॉक्टरांनीच ते मोडीत काढलं. फक्त ती दुसरी बातमी आपल्या हॉलपर्यंत नीट पोचली नाही. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

लाकडं कापणारा पेशंट

लंडन, १७६८. विल्यम हेबर्डन नावाचे डॉक्टर रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एका विचित्र दुखण्याचं वर्णन वाचून दाखवतात. माणूस चालत असताना, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्यावर, छाती आवळल्यासारखी होते. उभा राहिला की कळ जाते. हेबर्डननी त्याला नाव दिलं ‘अँजायना पेक्टोरिस’. आजही रिपोर्टवर ‘अँजायना’ लिहिलेलं दिसतं, ते हेच.

हेबर्डनकडे यावर औषध जवळजवळ नव्हतंच. पण त्यांनी आणखी एक नोंद करून ठेवली. त्यांच्या ओळखीतल्या एका पेशंटने रोज अर्धा तास लाकडं कापायचा नेम धरला आणि तो जवळपास बरा झाला. हे पुस्तक १८०२ मध्ये, हेबर्डन गेल्यावर, छापलं गेलं. म्हणजे या आजाराचं पहिलं नीट वर्णन करणाऱ्या माणसानेच बेताच्या श्रमाचा फायदा लिहून ठेवला होता. पुढची शंभरेक वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही.

त्याच लंडनमध्ये जॉन हंटर नावाचे मोठे सर्जन होते. त्यांना स्वतःलाच अँजायना होता, आणि तोही वर्षानुवर्षं येत-जात राहणारा. राग आला की छातीत कळ येते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपला जीव आपल्याला चिडवणाऱ्या कुठल्याही माणसाच्या हातात आहे, अशा अर्थाचं ते बोलूनही दाखवायचे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या बैठकीत वाद झाला, हंटर उठून शेजारच्या खोलीत गेले आणि तिथेच कोसळले.

बघा, अठरावं शतक संपायच्या आत दोन गोष्टी दिसल्या होत्या. शरीर वापरण्याचा या आजाराशी संबंध आहे आणि मनाचाही आहे. पण मोजायची साधनं नव्हती, त्यामुळे या गोष्टी किस्से म्हणूनच राहिल्या.

सहा आठवडे, एक कॉट

१९१२ मध्ये शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. तोपर्यंत समज असा होता, की हृदयाच्या धमनीत अचानक गुठळी अडकली की माणूस तिथल्या तिथे संपतो. हेरिक म्हणाले, तसं नाही, अशातून माणसं वाचतात आणि जिवंतपणी हा आजार ओळखता येतो. वाचलेल्या पेशंटला काय सांगायचं? तर विश्रांती घ्या.

ते योग्यही वाटत होतं. पुढे १९३९ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी मरण पावलेल्या ७२ रुग्णांची हृदयं तपासली. अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला किती आठवडे लागतात, हे त्यांना बघायचं होतं. छोट्या जखमेलाही पाच-सहा आठवडे लागतात असं दिसलं. त्यावरून सरळ हिशेब मांडला गेला. हाड मोडलं तर आपण प्लास्टर घालतो. हृदयाला प्लास्टर घालता येत नाही, मग अख्ख्या माणसालाच घाला.

आणि खरंच तसं केलं गेलं. चार ते सहा आठवडे कॉटवर सपाट. स्वतःच्या हाताने जेवायचं नाही, दाढी करायची नाही, कूससुद्धा नर्सने बदलायची. शौचाला बेडपॅन. गंमत म्हणजे बेडपॅनवर कसरत करण्यापेक्षा कॉटशेजारी ठेवलेल्या कमोडवर बसायला कमी शक्ती लागते, हे त्या काळात मोजूनही झालं होतं.

या पडून राहण्याची किंमत मोठी होती. पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुप्फुसात जाऊन अडकायच्या आणि हृदयाच्या दुखण्यातून वाचलेला माणूस त्यानेच जायचा. पाठीला जखमा, लघवीचे त्रास, ताकद गेलेले पाय. आणि सहा आठवडे छताकडे बघत ‘मी हललो तर मरेन’ हा एकच विचार. तो विचार घेऊनच माणूस घरी जायचा.

खुर्ची

आता हिरोची एंट्री. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलमध्ये सॅम्युअल लिव्हाइन नावाचे ज्येष्ठ हृदयतज्ज्ञ होते. त्यांचा तर्क सोपा होता. माणूस सपाट झोपला की पायांकडचं रक्त जास्त प्रमाणात हृदयाकडे परत येतं, म्हणजे दमलेल्या हृदयावर भार वाढतो. त्याला पाय खाली सोडून खुर्चीत बसवा, भार कमी होईल. त्यांच्या हाताखाली बर्नार्ड लाउन नावाचा तिशीतला डॉक्टर होता. साधारण आपल्याच वयाचा. हे काम त्याच्याकडे आलं.

लाउननी नंतर लिहून ठेवलंय, की वॉर्डमधल्या इतर डॉक्टरांना हा पेशंटच्या जिवाशी चाललेला गुन्हा वाटत होता. ते लाउनना बघून नाझी पद्धतीचा सलाम ठोकायचे. नुकतंच महायुद्ध संपलं होतं, लाउन स्वतः ज्यू घरातले. तेव्हा तो टोमणा किती खोल गेला असेल, विचार करा.

१९५२ मध्ये लिव्हाइन आणि लाउन यांनी ८१ रुग्णांचा अनुभव छापला. आधी एक-दोन तास आणि मग हळूहळू वाढवत, दिवसाचा बराच वेळ खुर्चीत. खुर्चीमुळे नुकसान झालेलं दिसलं नाही. उलट माणसं लवकर सावरली. ज्याला कालपर्यंत कुशीवर वळायची बंदी होती, तो आज खिडकीशी बसून स्वतःच्या हाताने चहा घेतोय. ‘मी आता मरत नाहीये’ हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आज आपल्याला हे फारच साधं वाटतं. एक खुर्ची तर आहे! पण माझ्या मते औषधांच्या इतिहासातल्या मोठ्या क्रांत्यांमध्ये हिची गणना व्हायला हवी. यात कुठलंही नवं मशीन नव्हतं. बदलली होती ती समजूत.

मग १९६६ मध्ये डॅलसला उलट्या बाजूने प्रयोग झाला. विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे कॉटवर झोपवून ठेवलं. त्यांची श्रम करायची क्षमता पाव हिश्शाहूनही जास्त घटली. खरी मजा पुढे आहे. तीस वर्षांनी, म्हणजे १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तेव्हा ते पन्नाशीत होते, पोट सुटलेली होती. तरी तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं. निरोगी पोरांची ही गत, तर आजारी हृदयाचं काय होत असेल?

शब्दांचं वजन

लाउन यांच्याच आठवणीतल्या दोन गोष्टी सांगतो. हे प्रयोग नाहीत, आठवणी आहेत, पण ऐकण्यासारख्या आहेत.

एक बाई होत्या. हृदयाच्या झडपेचा जुना आजार, पण नोकरी आणि घर दोन्ही सांभाळत होत्या. एक दिवस मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले, ‘या बाईंना टी. एस. आहे’ एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. टी. एस. म्हणजे ट्रायकस्पिड स्टेनोसिस, झडप अरुंद होणं. बाईंना वाटलं ‘टर्मिनल सिच्युएशन’, म्हणजे आता शेवट आला. लाउननी परोपरीने समजावलं, पण त्यांना पटेना. श्वास वाढला, फुप्फुसात पाणी भरलं आणि त्याच दिवशी त्या गेल्या.

दुसरा पेशंट मोठ्या अटॅकनंतर अगदी अत्यवस्थ होता. त्याच्या छातीत घोडा दौडल्यासारखा जादाचा ठोका ऐकू येत होता. डॉक्टर त्याला ‘गॅलप’ म्हणतात आणि ते वाईट लक्षण असतं. राउंडवर कुणीतरी म्हणालं, ‘काय खणखणीत गॅलप आहे!’ पेशंटने ऐकलं आणि मनाशी म्हणाला, माझं हृदय घोड्यासारखं दौडतंय म्हणजे दम आहे अजून. काही महिन्यांनी तो चालत तपासणीला आला आणि त्याने स्वतःच हा किस्सा सांगितला.

यावरून कुणी ‘पॉझिटिव्ह विचार करा, गोळ्या सोडा’ असा अर्थ काढू नका, प्लीज. पण पेशंटसमोर आपण काय बोलतो, याचा विचार नक्की करा. ‘तिसरा अटॅक सोडत नाही’ हे वाक्यही त्याच्या कानावर पडतच असतं.

दोन नेते, एक साल

२४ सप्टेंबर १९५५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर, वय ६४, डेन्व्हरला सुट्टीवर असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बातमी फुटली आणि सोमवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार सहा टक्क्यांहून जास्त कोसळला. सगळ्यांनी धरून चाललं होतं, की हा माणूस आता कामातून गेला.

बॉस्टनहून डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांना बोलावलं. आणि आता लिंक बघा. १९३९ मध्ये ७२ हृदयं तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये हेच व्हाइट होते. तोपर्यंत मात्र ते चालण्याचे आणि सायकलचे मोठे पुरस्कर्ते झाले होते. त्यांनी पत्रकारांसमोर बसून राष्ट्राध्यक्षांच्या हृदयात काय झालंय ते साध्या भाषेत सांगितलं. अगदी पोट साफ झालं का, तेसुद्धा! लोक हसले, पण लाखो घरांना पहिल्यांदा कळलं, की अटॅकनंतर माणूस कामावर परत जाऊ शकतो.

आयझेनहॉवर गेले. १९५६ ची निवडणूक लढले आणि जिंकले. १९५७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला, तरी जानेवारी १९६१ पर्यंत मुदत पूर्ण केली. डिसेंबर १९५९ मध्ये तर ते भारतात येऊन गेले. दिल्लीत पंडित नेहरूंबरोबर त्यांना बघायला अफाट गर्दी लोटली होती. अटॅकला तेव्हा चार वर्षं झाली होती.

पुढे आजार परतला. १९६५ मध्ये पुन्हा अटॅक, १९६८ मध्ये एकामागून एक. २८ मार्च १९६९ ला ते गेले. शेवटचे महिने हॉस्पिटलमध्ये आणि कठीण होते, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. पण पहिल्या अटॅकनंतर साडेतेरा वर्षं मिळाली, आणि त्यातली बरीचशी ते पूर्णपणे जगले.

त्याच वर्षी, जुलै १९५५ मध्ये, लिंडन जॉन्सन यांनाही मोठा अटॅक आला होता. वय ४६, सिगारेटची जबरदस्त सवय. त्यांनी सिगारेट सोडली आणि पुढे तेही राष्ट्राध्यक्ष झाले. १९६९ मध्ये पद सुटलं आणि त्यांनी पुन्हा सिगारेट पेटवली. १९७२ मध्ये दुसरा मोठा अटॅक आला. त्यानंतर छातीतली कळ जवळपास रोजची झाली आणि जानेवारी १९७३ मध्ये, ६४ व्या वर्षी, ते गेले. दोन माणसांवरून नियम काढता येत नाही, हे मान्य. पण पद गेल्यावर, रोजचं काम संपल्यावर माणूस स्वतःची काळजी घेणं का सोडतो, हा प्रश्न रिटायर झालेल्या प्रत्येक हार्ट पेशंटच्या घरात विचारायला हवा.

मोजणार काय?

इथपर्यंत डॉक्टर मुख्यतः एकच गोष्ट मोजत होते. जिवंत आहे की नाही? आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा अपटाइम बघत होते. युजरला ॲप वापरता येतंय का, हे कुणी बघत नव्हतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत मिनेसोटाला हृदय कमजोर झालेल्या रुग्णांसाठी २१ प्रश्नांची एक यादी तयार झाली. अटॅक पुन्हा पुन्हा आले की हृदय बऱ्याचदा इथेच येऊन पोचतं. प्रश्न काय होते बघा. दिवसा आडवं पडावं लागतं का? जिना चढता येतो का? औषधांवर पैसे जातात त्याचा त्रास होतो का? शरीरसंबंधात अडचण येते का? घरच्यांवर ओझं झाल्यासारखं वाटतं का? १९९५ मध्ये सिएटलहून छातीतल्या कळेसाठी १९ प्रश्नांची यादी आली. त्यात ‘अटॅक येईल, अचानक मरण येईल’ ही भीती किती वेळा मनात येते, असाही प्रश्न आहे. यातले कित्येक प्रश्न आपण आपल्या बाबांना कधीच विचारलेले नसतात.

मोजायला लागल्यावर बरंच काही दिसलं. १९८४ मध्ये दोन हजारांवर पुरुष रुग्णांच्या एका अभ्यासात एकाकीपणा आणि ताण दोन्ही जास्त असलेल्यांचा मृत्यूचा धोका चौपटीहून अधिक निघाला. १९९३ मध्ये माँट्रियलला २२२ रुग्णांचा अभ्यास झाला. अटॅकनंतर ज्यांना नैराश्य होतं, त्यांचा पहिल्या सहा महिन्यांतला मृत्यूचा धोकाही बराच जास्त होता. मग साहजिक वाटलं, नैराश्यावर उपचार केले तर माणसं जास्त जगतील. २००३ मध्ये अशा एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. उपचारांनी मन थोडं सुधारलं, पण मृत्यू आणि नवे अटॅक काही कमी झाले नाहीत. काहींनी याला अपयश म्हटलं. मला वाटतं, आजारी हृदय घेऊन जगणाऱ्या माणसाचं मन हलकं होणं हाच एक निकाल आहे. तो मिळवण्यासारखा आहे.

व्यायाम, सल्ला आणि आधार एकत्र देण्याला ‘कार्डिॲक रिहॅब’ म्हणतात. याच्या ८५ चाचण्या एकत्र करून बघितल्या, तेव्हा हृदयविकाराने होणारे मृत्यू, नवे अटॅक आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या कमी झालेल्या दिसल्या, जगण्याचा दर्जाही सुधारलेला दिसला. टोरांटोच्या अशा एका केंद्रातला अटॅक येऊन गेलेल्यांचा गट तर १९७३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन धावला! (घरी लगेच प्रयोग नको. त्यांची तयारी डॉक्टरांच्या नजरेखाली झाली होती.)

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे जगण्याचा दर्जा ठरवणारी एक मोठी गोष्ट म्हणजे पैसा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट साधारण २९,६०० रुपयांवर आला. त्याआधी एकेका स्टेंटचं बिल लाखाच्या घरात जायचं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ॲडमिट होणाऱ्याच्या घरी हा आकडा म्हणजे मुलीची फी किंवा शेताचा तुकडा असतो. धमनी मोकळी झाली आणि कर्ज डोक्यावर बसलं, तर बाबांना रात्री झोप कशाने लागणार?

दुसरी अडचण रिहॅबची. तशी केंद्रं आपल्याकडे फार कमी, तीही बहुतेक मोठ्या शहरांत. म्हणून भारतातल्या २४ हॉस्पिटलांत अटॅक येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांवर योगावर आधारलेल्या रिहॅबची चाचणी झाली. निकाल २०२० मध्ये छापून आला. मृत्यू आणि नवे अटॅक यांत ठोस फरक सिद्ध झाला नाही. पण १२ आठवड्यांनी योगाच्या गटातल्यांना स्वतःची तब्येत जास्त बरी वाटत होती, आणि अटॅकच्या आधी जी कामं करायचे त्यांच्याकडे ते जास्त प्रमाणात परतले होते. पुन्हा भाजी आणणं, पुन्हा दुकान उघडणं. निकालाच्या कागदावर ही एक ओळ असते, घरात तो अख्खा दिवस असतो.

तर मग

अडीचशे वर्षांच्या या गोष्टीतून मला एकच सांगायचं आहे. हृदय किती खराब झालंय, ते आपल्या हातात नसतं. पण त्या हृदयाच्या माणसाला आपण किती जगू देतो, ते बरंचसं आपल्या हातात असतं. कॉटवर बांधून ठेवणाऱ्या डॉक्टरांचंही पेशंटवर प्रेमच होतं. आपण सोफ्यावर बसवतो तेही प्रेमानेच.

म्हणून या आठवड्याचा होमवर्क. पुढच्या फॉलो-अपला बाबांबरोबर, काकूंबरोबर तुम्ही स्वतः जा. रिपोर्ट दाखवून झाले की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. हे रोज किती चालू शकतात? जिना, प्रवास, काम यांतलं नक्की काय बंद आणि काय चालू? रिहॅब किंवा व्यायामाचा कार्यक्रम कुठे मिळेल? उत्तरं लिहून घ्या, कारण प्रत्येकाचं हृदय वेगळं असतं आणि मी इंजिनियर आहे, डॉक्टर नाही. छातीत नवी कळ आली, दम वाढला, तर पॉडकास्ट ऐकत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि घरी आल्यावर एक प्रश्न त्यांना विचारा. ‘बाबा, अटॅकच्या आधी करायचात आणि आता करत नाही, असं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आठवतं?’ उत्तर यायला वेळ लागेल. बसून ऐका.

एपिसोड आवडला तर फॅमिली ग्रुपवर टाका, विशेषतः त्या ‘तिसरा अटॅक’वाल्या पाहुण्यांना. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या आणि चालत राहा!